प्रा. एन. डी. पाटील : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजातली मुलं, स्पर्धा परीक्षेचे उमेदवार, चळवळीत नव्यानं आलेली पोरं आणि कोल्हापूर-सांगलीबाहेरचे वाचक एन. डी. सरांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, गुंतागुंतीचे पुढे येतात. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे, तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एन. डी. पाटील कोण होते, थोडक्यात सांगा.

नारायण ज्ञानदेव पाटील. जन्म १५ जुलै १९२९, सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या ढवळी गावी, शेतकरी घरात. अर्थशास्त्राचे प्राध्यापक, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते, अठरा वर्षं विधान परिषदेचे आणि पाच वर्षं विधानसभेचे सदस्य, १९७८ ते १९८० सहकारमंत्री, रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन. निधन १७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात, वयाच्या ९२ व्या वर्षी.

पदांची ही यादी परीक्षेला पुरेल. त्यांचं मोठेपण मात्र आमदारकी किंवा मंत्रिपद हातात नसतानाच्या काळात दिसतं. त्यासाठी प्रश्न १२ वाचा.

२. एन. डी. पाटील, दि. बा. पाटील आणि डी. वाय. पाटील हे एकच की वेगळे?

तिघे वेगळे. गोंधळ सर्वात जास्त पहिल्या दोघांत होतो, कारण दोघेही शेकापचे आणि दोघेही शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी लढलेले. दि. बा. पाटील रायगडचे, उरण तालुक्यातल्या जासईचे. पेशानं वकील. नवी मुंबईसाठी सिडकोनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याचा लढा आणि जानेवारी १९८४ चं आंदोलन, ज्यात पाच शेतकरी गोळीबारात गेले, ते त्यांच्या नेतृत्वाखालचं. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची योजना त्या लढ्यातून आली. त्यांचं निधन २०१३ साली झालं. डी. वाय. पाटील काँग्रेसचे, खासगी शिक्षणसंस्थांचं जाळं उभारणारे आणि पुढे राज्यपाल झालेले. शिक्षणाच्या खासगीकरणाबाबत एन. डी. सर त्यांच्या अगदी उलट टोकाला होते.

३. त्यांनी प्रत्यक्ष शिकवलं किती? नावापुढचं 'प्राध्यापक' मानाचं आहे का?

मानाचं नाही, कमावलेलं आहे. पुणे विद्यापीठातून १९५५ साली अर्थशास्त्रात एम. ए., १९६२ साली एलएल. बी. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात १९५४ ते १९५७ या काळात ते शिकवत होते आणि तिथल्या 'कमवा आणि शिका' योजनेचे रेक्टरही होते. १९६० साली ते इस्लामपूरच्या कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजचे प्राचार्य झाले.

वर्षं मोजली तर वर्गातला काळ फार नाही, हे खरं. पण पश्चिम महाराष्ट्रात त्यांना अखेरपर्यंत 'सर' म्हटलं गेलं. पक्षाचे कार्यकर्ते 'भाई' म्हणत, कारण शेकापमध्ये एकमेकांना भाई म्हणायची रीत आहे. बाकी सगळ्यांचे ते सर. त्यांचं भाषण ज्यांनी ऐकलं आहे त्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. दोन-दोन तास बोलत, आकडे तोंडपाठ असत, सरकारी कागदातला उतारा वाचून दाखवत आणि मग त्याचा अर्थ शेतकऱ्याला कळेल अशा बोलीत उलगडत. धोतर-पटक्यातली माणसं खाली बसून अर्थसंकल्प ऐकायची, आणि मधून उठून जायची नाहीत.

४. 'कमवा आणि शिका' योजनेत रेक्टर असणं म्हणजे काय?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. संस्थेचं ब्रीद 'स्वावलंबी शिक्षण'. खेड्यातल्या गरीब मुलाला फी परवडत नाही, तर त्यानं शेतात, बांधकामावर, संस्थेच्या कामावर राबावं आणि त्यातून शिकावं, अशी ही योजना. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली याच पायावर उभं राहिलं.

या मुलांचा रेक्टर म्हणजे वसतिगृहाचा नुसता पर्यवेक्षक नव्हे. सकाळी कामावर कोण गेलं, कोणाचं जेवण झालं नाही, कोणाची फी अडली, कोण घरच्या तारेनं गावी निघालं, हे सगळं त्याच्याकडे. पंचविशीतल्या एन. डीं.ना अर्थशास्त्राचा हा दुसरा अभ्यासक्रम मिळाला. पुढे शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्ध ते ज्या पोटतिडकीनं बोलत, तिचं मूळ मला इथंच दिसतं. फी वाढली की कोणतं पोर गळणार, हे त्यांना चेहऱ्यानिशी माहीत होतं.

५. त्या काळी सगळे काँग्रेसमध्ये जात होते. हे शेकापमध्ये का गेले?

वाळवा तालुका समजून घेतला तर प्रश्न सुटतो. क्रांतिसिंह नाना पाटील याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. १९४३ ते १९४६ या काळातल्या प्रतिसरकारचा हा मुलूख. स्वातंत्र्य मिळाल्यावर काँग्रेसची सत्ता व्यापारी आणि बड्यांच्या हातात चालली, कुणबी-कामकरी बाजूला पडला, या भावनेतून केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी शेतकरी कामगार पक्ष उभा केला. १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीच्या अधिवेशनात पक्षानं मार्क्सवादी भूमिका घेतली, तोच 'दाभाडी प्रबंध'. एन. डी. १९४८ सालीच, एकोणिसाव्या वर्षी, पक्षात आले.

पुढे जेधे काँग्रेसमध्ये परतले, मोरेही परतले. यशवंतराव चव्हाणांच्या काळात तर शेकापची माणसं रांगेनं काँग्रेसमध्ये गेली. एन. डी. गेले नाहीत. त्यांच्याबरोबरीच्या किती जणांना त्या रस्त्यानं कारखाने, बँका, मंत्रिपदं मिळाली हे पाहिलं म्हणजे त्या न जाण्याचं वजन कळतं. ते पक्षाचे दीर्घकाळ सरचिटणीस राहिले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे तसेच न हललेले दुसरे.

६. प्राचार्य असताना आमदार कसे? आज प्राध्यापकाला निवडणूक लढवता येते का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

एन. डी. १९६० साली विधान परिषदेवर गेले आणि त्याच वर्षी प्राचार्यही झाले. यात बेकायदा काही नव्हतं. संविधानाच्या अनुच्छेद १९१ प्रमाणे केंद्र किंवा राज्य सरकारच्या अखत्यारीतलं 'लाभाचं पद' धारण करणारा माणूस आमदार होण्यास अपात्र ठरतो. खासगी संस्थेच्या कॉलेजातला प्राध्यापक सरकारचा नोकर नसतो, त्याला नेमणारी आणि काढणारी ती संस्था असते. सर्वोच्च न्यायालयानं १९५८ साली मौलाना अब्दुल शकूर यांच्या खटल्यात हेच पाहिलं. ते अजमेरच्या दर्ग्याच्या समितीनं चालवलेल्या शाळेचे पगारी व्यवस्थापक होते आणि राज्यसभेवर निवडून आले होते. समिती सरकारनं नेमलेली असली तरी त्यांना नेमणारं आणि पगार देणारं सरकार नव्हतं, म्हणून ते अपात्र ठरले नाहीत.

आता अपवाद. सरकारी महाविद्यालयातला प्राध्यापक हा राज्याचा कर्मचारी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे त्याला राजकीय पक्षाचं सदस्य होता येत नाही आणि आमदारकी असो की नगरसेवकपद, निवडणूक लढवता येत नाही. लढायचं तर आधी राजीनामा. अनुदानित खासगी कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या विभागात असाल तर आपल्या संस्थेचे सेवानियम आणि विद्यापीठाचे परिनियम वाचा. परवानगी आणि रजेच्या अटी तिथं असतात. 'अमुक सर उभे राहिले होते, मग मीही राहीन' एवढ्यावर अर्ज भरू नका.

वयाची अट अनेक जण चुकवतात. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांसाठी २१ वर्षं पूर्ण, विधानसभेला २५, विधान परिषदेला ३०.

७. विधान परिषदेचा शिक्षक मतदारसंघ असतो. तिथं फक्त शिक्षकच उभा राहू शकतो ना?

नाही. मतदार शिक्षक असावा लागतो, उमेदवार नव्हे. माध्यमिक किंवा त्यावरच्या दर्जाच्या संस्थेत गेल्या सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षं शिकवलेल्याला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत: ३० विधानसभा सदस्यांनी निवडलेल्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, पदवीधरांच्या ७, शिक्षकांच्या ७ आणि राज्यपालनियुक्त १२.

एन. डी. परिषदेवर १९६० ते १९६६, १९७० ते १९७६ आणि १९७६ ते १९८२ असे होते. विधानसभेवर कोल्हापूरमधून १९८५ ते १९९०.

८. मंत्री म्हणून त्यांचा काळ कसा होता?

लहान. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं सरकार आलं. जनता पक्ष आणि शेकाप त्यात होते. एन. डीं.कडे सहकार खातं आलं. पश्चिम महाराष्ट्रात या खात्याचं वजन वेगळं सांगायला नको: साखर कारखाने, जिल्हा बँका, सोसायट्या, खरेदी-विक्री संघ. गावातल्या प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोचणारी सत्ता ती हीच. आयुष्यभर विरोधात राहिलेला माणूस त्या खुर्चीवर बसला, आणि उठला तेव्हा त्याच्या नावावर ना कारखाना होता ना बँक. १७ फेब्रुवारी १९८० रोजी केंद्रानं सरकार बरखास्त केलं. दीड वर्षाच्या काळावरून मंत्री म्हणून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत असं मला वाटतं.

९. ते शरद पवारांचे मेहुणे होते हे खरं का? त्याचा त्यांना फायदा झाला?

खरं. त्यांच्या पत्नी सरोज पाटील, म्हणजे माई, या शरद पवारांच्या भगिनी. पण नातं सांगताना लोक क्रम उलटा लावतात. पवारांचं घरच मुळात शेकापचं. आई शारदाबाई पवार पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या निवडून आलेल्या सदस्य होत्या. १९६० च्या बारामती लोकसभा पोटनिवडणुकीत थोरले बंधू वसंतराव शेकापतर्फे उभे होते आणि तरुण शरद पवार काँग्रेसच्या प्रचारात होते. म्हणजे घरातल्या विचाराशी एन. डीं.चा मेळ आधीच होता. वेगळे निघाले ते पवार.

फायद्याचं म्हणाल तर प्रश्न १२ मधली आंदोलनं कोणाची सरकारं असताना झाली ते पाहा. नात्यासाठी त्यांनी एकही मोर्चा मागं घेतला नाही. रयत शिक्षण संस्थेत मात्र दोघांनी वर्षानुवर्षं एकत्र काम केलं. माईही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि शिक्षणाच्या कामात स्वतःच्या नावानं ओळखल्या जातात. 'अमक्यांची बहीण, तमक्यांची पत्नी' एवढीच त्यांची नोंद करणं अन्यायाचं आहे.

१०. विद्यापीठात त्यांनी काय केलं?

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झालं. त्याच्या पहिल्या सिनेटवर ते होते, १९६५ पासून कार्यकारिणीत, आणि १९७६ ते १९७८ सामाजिक शास्त्र विद्याशाखेचे अधिष्ठाता. या तारखा विधान परिषदेच्या तारखांशेजारी ठेवून पाहा (प्रश्न ७): अधिष्ठाता असताना ते आमदारही होते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानं आणि औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठानं त्यांना डी. लिट. दिली.

११. ते 'रयत'चे अध्यक्ष होते की चेअरमन?

चेअरमन, १९९० ते २००८. 'रयत'मध्ये अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय मंडळाचे चेअरमन ही दोन वेगळी पदं आहेत. एन. डी. १९५९ पासून, म्हणजे कर्मवीर गेले त्या वर्षापासून, संस्थेच्या कारभारात होते.

१२. एन्रॉन, सेझ, टोल या तिन्ही लढ्यांत ते होते. प्रत्येकात नेमका मुद्दा काय होता?

एन्रॉन. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प होणार होता. विरोध विजेला नव्हता, कराराला होता. राज्य वीज मंडळानं वीज उचलली नाही तरी ठरलेला स्थिर आकार द्यायचाच, आणि दर डॉलरशी बांधलेला. रुपया घसरला की बिल वाढणार. एन. डी. हे गावोगाव समजावत हिंडले. ऑगस्ट १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारनं प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांत नव्या करारानं परत आणला. आंदोलन सुरूच राहिलं, अटका झाल्या. २००१ साली प्रकल्प बंद पडला तो मंडळाला दर परवडेना म्हणूनच. गुहागरच्या सभांत सांगितलेलं गणित बरोबर निघालं. पण तोवर राज्यानं त्याची किंमत मोजली होती, आणि हे आठवलं की आजही चीड येते.

सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर रायगडमध्ये पेण, उरण, पनवेल पट्ट्यात महामुंबई सेझसाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं शेतजमीन घ्यायला सुरुवात झाली. जमीन घेणारं सरकार आणि मिळणार खासगी कंपनीला. महामुंबई शेतकरी संघर्ष समितीच्या नेतृत्वात एन. डी. होते, वय ऐंशीला टेकलेलं. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली २२ गावं हे कळीचं ठिकाण ठरलं: ज्या जमिनीला सरकारच पाणी देणार होतं, तीच सरकार काढून घेत होतं. २१ सप्टेंबर २००८ रोजी त्या २२ गावांत शासनानं शेतकऱ्यांचं मत अजमावलं. जमीन घ्यायची का, हे आधी शेतकऱ्याला विचारायचं, ही गोष्ट या देशात तेव्हा नवी होती. भूसंपादन पुढे बारगळलं.

टोल. बाहेरच्यांना हा प्रश्न किरकोळ वाटतो. कोल्हापूरचा टोल महामार्गावरचा नव्हता, शहरातल्या रस्त्यांसाठीचा होता. बाजारला, दवाखान्यात, लेकीच्या घरी जायचं तरी नाका ओलांडायचा. सर्वपक्षीय कृती समिती झाली. एन. डी. आणि गोविंद पानसरे हे तिचे ज्येष्ठ आधार. हजारोंचे मोर्चे निघाले. जानेवारी २०१४ मध्ये संतापाचा भडका उडून नाकेही जळले. २०१५ च्या डिसेंबरमध्ये टोल रद्द झाला. पानसरे तो दिवस पाहू शकले नाहीत. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले.

तिन्ही लढ्यांत रीत एकच. आधी करार, अधिसूचना, कायदा मिळवायचा, वाचायचा, मग मैदानात उतरायचं. घोषणा शेवटी.

१३. अंधश्रद्धा निर्मूलन समितीशी त्यांचा संबंध काय?

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे ते अध्यक्ष होते, डॉ. नरेंद्र दाभोलकर कार्याध्यक्ष. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी वटहुकूम त्यानंतर चार दिवसांत निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. ज्या कायद्यासाठी एवढी वर्षं खेटे घातले, तो मिळाला तेव्हा धाकटा सहकारी नव्हता. दीड वर्षात पानसरेही गेले. ऐंशी ओलांडलेला हा माणूस दोन्ही वेळा निषेधाच्या रस्त्यावर होता.

१४. बेळगावच्या प्रश्नात ते कशामुळे?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतून आलेल्या पिढीला १ मे १९६० चा महाराष्ट्र अपुरा वाटत होता. बेळगाव, निपाणी, कारवार बाहेर राहिलं होतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्रानं नाकारला आणि २००४ साली राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. सीमाभागातल्या लोकांसाठी एन. डी. हे हक्काचं कोल्हापूरचं घर होतं. निपाणी कोल्हापूरहून जवळच, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं शेजारच्या माणसांचा होता.

१५. ते आयुष्यभर विरोधात होते म्हणता, मग १९९९ च्या सरकारचं काय?

बरोबर पकडलंत. १९९९ साली काँग्रेस-राष्ट्रवादीच्या लोकशाही आघाडीला शेकापनं साथ दिली आणि एन. डी. समन्वय समितीचे निमंत्रक झाले, २००२ पर्यंत. १९७८ चं मंत्रिपद धरलं तर ते दोनदा सत्तेच्या बाजूला होते. दोन्ही वेळा पक्षाचा प्रतिनिधी म्हणून, आणि दोन्ही मिळून पाच वर्षांच्या आत. म्हणून 'आयुष्यभर विरोधात' असं सरसकट लिहू नये, 'बहुतेक आयुष्य' लिहावं.

१६. त्यांना स्थानिक नेता म्हणावं की राज्याचा?

कामानं राज्याचे, वागण्यानं स्थानिक. कोकणातला वीज करार आणि रायगडची जमीन हे त्यांच्या मतदारसंघाचे प्रश्न नव्हते, तिथून त्यांना मत मिळणार नव्हतं. तरी शेतीपंपाचं वीज बिल, पाणीपट्टी, बंद होणारी कमी पटाची शाळा या गोष्टींसाठी ते शेवटपर्यंत कोल्हापुरातल्या मोर्च्यात पुढं असत. 'ज्येष्ठ विचारवंत' हा शब्द वर्तमानपत्रांनी चिकटवला. मला तो अपुरा वाटतो, कारण विचारवंत मोर्च्याच्या अग्रभागी भर उन्हात बसत नाहीत.

१७. शाळेत त्यांच्यावर भाषण करायचं आहे. काय सांगू, काय टाळू?

तीन चुका टाळा. एक, त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांचे नातेवाईक म्हणू नका, आडनाव सारखं आहे एवढंच. दोन, 'रयतचे संस्थापक' म्हणू नका (प्रश्न ४ आणि ११). तीन, दि. बां.चं जानेवारी १९८४ चं आंदोलन त्यांच्या नावावर घालू नका (प्रश्न २).

सांगायचं असेल तर एकच प्रसंगमाला निवडा आणि नीट सांगा. पाचवी-सातवीच्या मुलांना 'कमवा आणि शिका' समजतं. दहावीच्या पुढच्यांना पेणची २२ गावं सांगा: धरण कुणाचं, पाणी कुणाला, जमीन कुणाची. फळ्यावर नकाशा काढून सांगितलंत तर सरांच्या पद्धतीनं सांगितल्यासारखं होईल.